चिंचोक्यातलं पॉलिसॅकराइड: काढायचं कसं, साफ कसं करायचं आणि ओळख कशी पटवायची

प्रश्न थोडक्यात असा आहे. एम. फार्म.च्या प्रबंधासाठी एका विद्यार्थिनीने औषधाच्या गोळ्यांत वापरायला चिंचोक्यातलं पॉलिसॅकराइड, म्हणजे शर्करांच्या लांब साखळ्यांचं द्रव्य, काढलं. बाजारातून आणलेली चिंचोक्याची पूड पाण्यात उकळली, मलमलीतून गाळली, ॲसिटोन ओतून साका (द्रावणातून बाहेर पडणारा घन भाग) पाडला आणि ६० अंशांना ओव्हनमध्ये वाळवला. उतारा, म्हणजे पुडीच्या वजनाच्या तुलनेत मिळालेला माल, ६८ टक्के आला. पण पूड तपकिरी आहे आणि दर बॅचची व्हिस्कॉसिटी (द्रावणाचा दाटपणा) वेगळी येते. आयोडीन टाकलं की रंग निळा होतो, म्हणून गाइड म्हणतात यात स्टार्चची भेसळ आहे. उलट एफटीआयआर (इन्फ्रारेड शोषणाचा आलेख) जुळला, तेव्हा काम झालं, असं मित्रमंडळी म्हणतात. आता पुढे कुठल्या चाचण्या करायच्या?

आयोडीनपासून सुरुवात करतो, कारण तिथे तुमच्या नमुन्यावर विनाकारण आरोप झालाय.

निळा रंग म्हणजे स्टार्च, हे आपण आठवीपासून घोकलेलं असतं. चिंचोक्याच्या बाबतीत ते लागू पडत नाही. चिंचोक्याच्या डाळीत, म्हणजे टरफलाच्या आतल्या पांढऱ्या गाभ्यात, स्टार्च जवळजवळ नसतोच. बी रुजताना लागणारी शिदोरी इथे पेशींच्या जाड भिंतींमध्ये झायलोग्लुकन या पॉलिसॅकराइडच्या रूपात साठवलेली असते, आणि हे झायलोग्लुकन स्वतःच आयोडीनबरोबर निळा-हिरवट रंग देतं. वनस्पतिशास्त्रज्ञांना हे फार पूर्वी दिसलं होतं. १८३९ मध्ये फोगेल आणि श्लायडेन यांनी काही बियांच्या पेशीभित्तिका आयोडीनने निळ्या होतात हे पाहून त्या द्रव्याला ‘अमायलॉइड’, म्हणजे स्टार्चसारखं, असं नाव दिलं. पुढे १९६० मध्ये कोइमान या संशोधकाने याच रंगावरून बियांतलं झायलोग्लुकन मोजायची पद्धत बसवली. तिच्यात आयोडीन-पोटॅशियम आयोडाइडबरोबर सोडियम सल्फेट घालतात आणि ६४० नॅनोमीटरला प्रकाशाचं शोषण वाचतात. म्हणजे ज्या रंगामुळे तुमच्या नमुन्यावर भेसळीचा शिक्का बसला, तोच रंग तुमचा पदार्थ मोजायला वापरतात.

पण गाइडना हे नुसतं सांगून भागणार नाही, करून दाखवा. एक सकाळ पुरते. तुमच्या पुडीचं ०.१ टक्के द्रावण चार नळ्यांत घ्या. एकीत स्टार्च तोडणारं अल्फा-अमायलेज, दुसरीत सेल्युलोजसारखा कणा तोडणारं सेल्युलेज आणि उरलेल्या दोनांत दोघांची नुसती बफरं (पीएच स्थिर ठेवणारी द्रावणं). बटाट्याच्या स्टार्चच्या द्रावणाच्या अशाच चार नळ्या शेजारी ठेवा. अमायलेजला पीएच साडेसहाच्या आसपास आणि ३७ अंश, सेल्युलेजला पीएच ५ आणि ४५ ते ५० अंश. प्रत्येक एन्झाइमला त्याच्याच बफरची कोरी नळी हवी. तासाभराने थंड करून सगळ्यांत आयोडीनचा सारखा थेंब टाका. स्टार्चच्या बाजूला अमायलेजची नळी फिकी पडेल, चिंचोक्याच्या बाजूला अमायलेजची नळी निळीच राहील आणि सेल्युलेजची फिकी पडेल. हा आठ नळ्यांचा फोटो प्रबंधात लावा. चिंचोक्याची अमायलेजची नळी थोडी फिकी झाली तर मात्र थांबा. मग एकतर पुडीत खरंच स्टार्च मिसळलाय, नाहीतर तुमच्या स्वस्तातल्या अमायलेजमध्ये सेल्युलेज आहे. बाजारात मिळणारी एन्झाइमं बहुतेकदा मिश्रणंच असतात.

आता तपकिरी रंगाकडे. याचं मूळ टरफलात आहे. चिंचोक्याच्या वजनाचा साधारण ३० टक्के भाग म्हणजे ते चॉकलेटी टरफल, आणि ते टॅनिनने भरलेलं असतं. बाजारातली पूड, जिला कारखान्यात सगळे टीकेपी (टॅमरिंड कर्नल पावडर) म्हणतात, ती मुळात कापडाला नि तागाला खळ देण्यासाठी बनते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात स्टार्चची टंचाई झाली तेव्हा गिरण्यांनी तिला जवळ केलं. त्याच्या कितीतरी आधीपासून आपल्याकडे सणगर मंडळी घोंगडं विणून झालं की त्याला चिंचोक्याचीच खळ देत आली आहेत. खळीत टरफलाचे चार कण राहिले तर घोंगड्याचं काही बिघडत नाही, तुमचं मात्र बिघडतं. टॅनिन प्रथिनांना चिकटतं, दोघं मिळून पॉलिसॅकराइडमध्ये अडकतात आणि अल्कोहोल टाकलं की तिघं एकदमच खाली बसतात. मग कितीही धुतलं तरी रंग जात नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की प्रबंधासाठी विकतची पूड घेऊ नका, अख्खे चिंचोके आणा. बार्शीसारख्या चिंचेच्या बाजारात ते पोत्याने मिळतात, आणि कुठल्या हंगामाचे आहेत हे व्यापारी सांगतो. ते वहीत टिपून ठेवा. पाण्यात टाकून तरंगणारे काढून टाका, ते किडलेले किंवा पोकळ असतात. बाकीचे लगेच निथळून पूर्ण वाळवा, मग पातळ थरात पसरून १४० ते १५० अंशांना पंधराएक मिनिटं तापवा. टरफल तडकलं पाहिजे, पण आतली डाळ पांढरीच राहिली पाहिजे. डाळीवर बदामी झाक आली म्हणजे तुम्ही भाजत बसलात. प्रथिनं आणि शर्करा यांची प्रक्रिया सुरू झाली आणि साखळ्याही तुटायला लागल्या. गरम असतानाच खलात हलके ठोके द्या, सुपात पाखडा. त्यानंतरचं काम कंटाळवाणं आहे, पण ते टाळू नका. पांढऱ्या कागदावर डाळ पसरून तपकिरी ठिपका असलेला एकेक तुकडा वेचून बाजूला काढा. शंभर ग्रॅमला अर्धा-पाऊण तास जातो. माझ्या अनुभवात पुढच्या सगळ्या धुण्यांनी मिळून जेवढा रंग जातो त्याहून जास्त या अर्ध्या तासात जातो.

वेचलेली डाळ दगडासारखी असते. मिक्सरमध्ये एकदम घातली तर पातं जातं आणि भांडं चटका बसेल इतकं तापतं. आधी खलात भरड करा, मग दहा-दहा सेकंद फिरवून थांबत बारीक करा आणि ८० मेशच्या चाळणीने चाळा. टरफल राहिलंय का ते पाहायला चिमूटभर पूड कोमट पाण्यात कालवून, गाळून, फेरिक क्लोराइडचा थेंब टाका. निळसर काळपट झालं तर वेचायला परत बसा.

रंग घालवण्यासाठी हायड्रोजन पेरॉक्साइड वापरायचा सल्ला कुणीतरी देईलच. पूड पांढरी होते हे खरं, पण साखळ्याही तुटतात आणि व्हिस्कॉसिटी कोसळते. ज्या गुणासाठी हा पदार्थ घेतला तोच गेला तर मग राहिलं काय?

पाण्यात काढण्याआधी तेल काढा. डाळीत ६ ते ८ टक्के तेल असतं. सॉक्सलेटमध्ये (द्रावक फिरवत तेल काढणाऱ्या काचेच्या उपकरणात) हेक्झेन किंवा पेट्रोलियम ईथरवर सहा-आठ तास पुरतात. मग पूड धुराड्याखाली (फ्यूम हूडमध्ये) पसरून वास जाईपर्यंत सुकवा. तेल राहिलं की उकळताना गुठळ्या होतात आणि एफटीआयआरमध्ये १७४० सेंमी⁻¹च्या आसपास एक शिखर उगवतं. त्याचा अर्थ ‘एस्टर गट आढळला’ असा लिहिलेले प्रबंध मी तपासले आहेत. तो गट पॉलिसॅकराइडचा नव्हता, न काढलेल्या तेलाचा होता.

उकळण्याची जुनी रीत साधी आहे आणि अजून चालते: २० ग्रॅम पूड २०० मिलि गार पाण्यात कालवायची, ते कालवण ८०० मिलि उकळत्या पाण्यात धार धरून ओतायचं, ढवळत २० मिनिटं ठेवायचं, रात्रभर निवळू द्यायचं, सेंट्रिफ्यूज करून वरचं द्रावण दुप्पट अल्कोहोलमध्ये ओतायचं. गार पाण्यात आधी कालवायचं कारण घरच्या पिठल्यासारखंच आहे. कोरडी पूड थेट उकळत्या पाण्यात पडली की बाहेरून चिकट कवच धरतं आणि आतली पूड कोरडीच राहते. उकळल्याने प्रथिनं साकळतात, आणि तीच रात्रभर खाली बसतात.

यात मी दोन बदल करतो. पहिला, विश्लेषणासाठीच्या नमुन्याला २० ऐवजी १० ग्रॅमच घेतो. दाट द्रावणात सेंट्रिफ्यूज कितीही फिरवा, कण बसत नाहीत. आणि कृतीत ‘५००० आरपीएम’ एवढंच लिहू नका. १० सेंटिमीटर त्रिज्येच्या रोटरवर त्याचे सुमारे २८०० जी (गुरुत्वाच्या २८०० पट जोर) होतात, १५ सेंटिमीटरच्या रोटरवर सुमारे ४२००. दुसऱ्या प्रयोगशाळेत कुणी तुमची कृती करून पाहिली तर त्याला वेगळाच माल मिळेल. तुमची मलमल तर बारीक प्रथिनकण अडवतच नाही, ते सगळे गाळणीतून खाली आले आहेत.

दुसरा बदल म्हणजे ‘रात्रभर’ हे फ्रिजमध्ये, ४ अंशांना. हे मी नुकसान करून घेऊन शिकलो. एका मे महिन्यात मी पाच लिटर द्रावण टेबलावरच निवळत ठेवलं. सकाळी झाकण काढलं तर किंचित आंबूस वास, वर दोन-चार बुडबुडे. दिसायला द्रावण छान नितळ झालं होतं, म्हणून मी पुढे गेलो. साका पडला, पण नेहमीसारखे लांब धागे नव्हते, चुऱ्यासारखा पडला. वाळवून एक टक्का द्रावण केलं तर आदल्या बॅचच्या निम्मीसुद्धा व्हिस्कॉसिटी नव्हती. जंतूंनी रात्रीतून साखळ्या कुरतडल्या होत्या. तुमच्या बॅचमधला फरक जर हिवाळ्याच्या आणि उन्हाळ्याच्या बॅचमध्ये असेल, तर आधी इथे पाहा. नुसत्या विश्लेषणासाठीचं द्रावण असेल तर ०.०२ टक्के सोडियम अझाइड घालता येतं, पण ते विषारी आहे. औषधाच्या गोळीत जाणाऱ्या मालात त्याचं काम नाही.

प्रथिनांचा प्रश्न उकळण्याने पुरता सुटत नाही. डाळीत १५ ते २० टक्के प्रथिनं असतात आणि त्यांतला काही भाग द्रावणात राहतोच. क्लोरोफॉर्म-ब्युटेनॉलने हलवायची पद्धत पुस्तकात असते, पण चिंचोक्याच्या दाट द्रावणात तिचा असा साबणासारखा फेस होतो की थर वेगळे होता होत नाहीत. मी पपेन हे प्रथिनं तोडणारं एन्झाइम वापरतो: पीएच ६ ते ६.५, ५५ ते ६० अंश, दोन-तीन तास, मग दहा मिनिटं उकळून एन्झाइम मारायचा आणि पुन्हा सेंट्रिफ्यूज. एन्झाइम घालण्याआधी आणि नंतर व्हिस्कॉसिटी घ्या. ती धाडकन उतरली तर तुमच्या पपेनमध्ये शर्करा तोडणारं काहीतरी मिसळलेलं आहे, बाटली बदला.

आता साका पाडण्याबद्दल थोडं जवळून सांगतो, कारण हे लिहून ठेवलेलं फारसं सापडत नाही. द्रावण अल्कोहोलमध्ये ओतायचं, उलट नाही. द्रावणात अल्कोहोल ओतलं तर सुरुवातीला काहीच होत नाही, मग एकाएकी सगळं घट्ट होऊन रबरासारखा एकच गोळा काठीला गुंडाळला जातो. त्या गोळ्याच्या पोटात पाणी, मीठ, प्रथिन, सगळं बंदिस्त. याउलट एक टक्क्याच्या आतलं, खोलीच्या तापमानाला आणलेलं द्रावण बारीक धारेने, जोरात फिरत्या अल्कोहोलमध्ये सोडलं, तर धार पडताच तिचे पांढरे, मऊ, शेवयांसारखे धागे होतात आणि ते वर तरंगत राहतात. ते काठीने उचलता येतात, हाताने पिळता येतात. असे धागे दिसले की माल चांगला आहे, साखळ्या लांब आहेत, हे मला यंत्राआधी कळतं. इथेनॉलसाठी उत्पादन शुल्क खात्याचा परवाना लागतो आणि कॉलेजला तो मिळेपर्यंत वर्ष जातं. आयसोप्रोपेनॉल वापरा, काही अडत नाही. ॲसिटोनही चालतं, पण त्याचा साका फार चटकन आवळतो.

धागे आधी ७० टक्के, मग ८५, मग ९५ टक्के अल्कोहोलमध्ये घोळवा, प्रत्येक वेळी पिळा. पाणी असं पायरीपायरीने काढून टाकलं की वाळल्यावर हलका, चुरडता येणारा, पांढरा माल मिळतो. ओला साका थेट ६० अंशांच्या ओव्हनमध्ये घातला की शिंगासारखा कडक, पिवळट पापुद्रा होतो, दळताना तापतो आणि परत पाण्यात नीट फुगत नाही. व्हॅक्युम ओव्हन असेल तर ४०-४५ अंश, नसेल तर अल्कोहोलचा वास जाईपर्यंत धुराड्याखाली आणि मग ५० अंश.

आता तो ६८ टक्क्यांचा उतारा. डाळीत पॉलिसॅकराइडच मुळी ६० ते ६५ टक्क्यांच्या आसपास असतं. त्याहून जास्त वजन आलं याचा अर्थ तुमचं कसब असा नाही, त्यात दुसरं काहीतरी आहे असा आहे. हिशोब मांडा. समजा, १०० ग्रॅम पुडीतून ६८ ग्रॅम माल आला. त्यात ओलावा ११ टक्के, प्रथिन ९ टक्के, राख २ टक्के निघाली. म्हणजे २२ टक्के पॉलिसॅकराइड नाहीच. ६८चे ७८ टक्के म्हणजे ५३ ग्रॅम. हा खरा उतारा, आणि तो चांगला आहे. ओलावा १०५ अंशांना वजन स्थिर होईपर्यंत, राख ५५० अंशांना, प्रथिन केल्डालच्या नायट्रोजनवरून. ब्रॅडफर्ड किंवा लोरी या रंगावरून प्रथिन मोजायच्या पद्धती इथे टाळा, राहिलेलं टॅनिन दोन्हींत गोंधळ घालतं. एकूण शर्करा फिनॉल-सल्फ्युरिक ॲसिडने मोजा. ही पद्धत १९५६ पासून जगभर चालते, पण चिंचोक्यासाठी तिच्यात एक खाच आहे. हेक्झोज (सहा कार्बनच्या) शर्करांचं शोषण ४९० नॅनोमीटरला आणि पेंटोजचं (पाच कार्बनच्या) ४८०ला सर्वाधिक असतं, आणि दोन्हींचा रंग सारख्या प्रमाणात येत नाही. तुमच्या पदार्थात एक तृतीयांशाहून थोड्या जास्त शर्करा झायलोज, म्हणजे पेंटोज आहेत. नुसत्या ग्लुकोजच्या प्रमाण-रेषेवर (ज्ञात द्रावणांवरून काढलेल्या स्टँडर्ड रेषेवर) वाचलं तर आकडा चुकतो. ग्लुकोज, झायलोज आणि गॅलॅक्टोज यांचं तुमच्या पदार्थाच्याच प्रमाणातलं मिश्रण करून त्याची रेषा काढा. ॲसिड थेट द्रावणाच्या पृष्ठावर, एका झटक्यात सोडा. त्या उष्णतेवरच रंग अवलंबून असतो. भिंतीवरून हळूहळू ओघळू दिलं तर तीन वाचनं तीन तऱ्हेची येतात.

ओलावा, प्रथिन, राख आणि शर्करा यांची बेरीज शंभराच्या जवळ आली की तुमच्या हातात काय आहे ते तुम्हाला कळलं. बेरीज ८५ वर अडकली तर पुढच्या महागड्या चाचण्यांवर पैसे घालू नका, आधी उरलेले १५ शोधा.

एफटीआयआरबद्दल कडक बोलावं लागेल. गवार, मेथी, चिंचोका, स्टार्च, सगळ्यांचे आलेख लांबून सारखेच दिसतात. ३४००ला रुंद खड्डा, २९२०ला छोटा, १६४०ला पाणी, १०००-११५०च्या पट्ट्यात मोठी गर्दी. ‘जुळला’ याचा अर्थ एवढाच की हा कार्बोहायड्रेट आहे. तरीही तो आलेख टाकाऊ नाही, फक्त त्याला योग्य प्रश्न विचारा. १७४०ला काही आहे का? असेल तर तेल. १५४०ला? असेल तर प्रथिन. ८९५च्या आसपास बीटा-बंधाची खूण दिसते का? ८१५ आणि ८७० दिसतात का? दिसत असतील तर मॅनोज आहे, म्हणजे गवारीच्या जातीचं काहीतरी आलंय. हा शेवटचा प्रश्न उलट दिशेने जास्त विचारला जातो, कारण बाजारात महाग गवार गममध्ये स्वस्त चिंचोका-पूड मिसळतात आणि ती पकडायला आयोडीनच कामी येतं. शुद्ध गवार निळी होत नाही.

खरी ओळख पटते ती शर्करांच्या प्रमाणावरून. चिंचोक्याच्या झायलोग्लुकनचा कणा सेल्युलोजसारखाच, बीटा १-४ ने जोडलेल्या ग्लुकोजचा. त्यातल्या दर चारपैकी तीन ग्लुकोजवर अल्फा १-६ बंधाने झायलोज लटकलेला, आणि काही झायलोजवर पुढे बीटा १-२ ने गॅलॅक्टोज. या फांद्यांमुळेच सेल्युलोजसारखा कणा असूनही तो पाण्यात विरघळतो. ग्लुकोज, झायलोज, गॅलॅक्टोज यांचं प्रमाण साधारण २.८ : २.२५ : १ येतं, जुन्या पुस्तकांत ३ : २ : १ लिहिलेलं असतं. २ मोलर ट्रायफ्लुओरोॲसिटिक ॲसिडमध्ये १२१ अंशांना एक तास, मग ॲसिड उडवून एचपीएलसी किंवा जीसी या शर्करा वेगळ्या करून मोजणाऱ्या यंत्रांवर. प्रमाण-शर्करांचं मिश्रणही त्याच ॲसिडमधून, तेवढाच वेळ जाऊ द्या, कारण झायलोज तापवताना थोडा जळतो आणि ती घट त्यावरूनच भरून काढता येते. अरॅबिनोज थोडा दिसला तर घाबरू नका; बराच दिसला तर दुसरं पेशीभित्तिकेचं द्रव्य आलंय. आणि गॅलॅक्टयुरॉनिक ॲसिड दिसलं तर पेक्टिन आलंय, बहुधा चिंचोक्याला चिकटलेल्या चिंचेच्या गरातून. ते धुतलेच नसतील!

त्याच ओघात रुथेनियम रेड या रंगद्रव्याबद्दल. ‘म्युसिलेज’ म्हणून गुलाबी रंग आल्याची नोंद बऱ्याच प्रबंधांत असते. हा रंग आम्लगटांना धरतो. झायलोग्लुकन उदासीन आहे, त्यावर गडद गुलाबी येण्याचं कारण नाही. आला तर ती शुद्धतेची पावती समजू नका, पेक्टिनची शंका घ्या.

साखर जुळली की रचनेसाठी दोन वाटा आहेत. पैसे कमी असतील तर एन्झाइमची. एंडो-ग्लुकनेज कण्याला जिथे मोकळा ग्लुकोज आहे तिथेच कापतो, म्हणून साखळीचे ठराविक मापाचे तुकडे पडतात: सात, आठ आणि नऊ शर्करांचे. मास स्पेक्ट्रममध्ये सोडियमसह ते १०८५, १२४७ आणि १४०९ वर दिसतात, दोन शेजाऱ्यांत बरोबर एका गॅलॅक्टोजचा, १६२चा, फरक. हे तीन आकडे ओळीने दिसले की शंकेला जागा उरत नाही. दुसरी वाट एनएमआरची, म्हणजे चुंबकीय क्षेत्रातल्या अणूंच्या संकेतांवरून रचना वाचायची. जड पाण्यात, ७० ते ८० अंशांना घ्यायला सांगा, नाहीतर दाट द्रावणात सगळी शिखरं पसरट होतात. ४.९५ आणि ५.१५ पीपीएमच्या आसपास झायलोजचे दोन संकेत येतात, एक मोकळ्याचा आणि एक गॅलॅक्टोज लावलेल्याचा. त्यांच्या क्षेत्रफळावरून फांद्यांचा हिशोब लागतो.

एक्सआरडीमध्ये (क्ष-किरणांच्या आलेखात) २० अंशांजवळ एक रुंद उंचवटा येईल, पदार्थ स्फटिकी नाही एवढंच कळेल. औषधाच्या मिश्रणात औषध स्फटिक राहिलं का हे पाहायला एक्सआरडी आणि डीएससी (तापवताना होणारे उष्णतेचे बदल मोजणारी चाचणी) लागतील, तेव्हा करा. कोऱ्या पुडीचे एसईएम (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचे) फोटो काढून काही सिद्ध होत नाही.

रेणुभारावर मात्र थांबतो. छापलेले आकडे पन्नास हजारांपासून आठ लाखांवर जातात आणि विद्यार्थी आपल्याला सोयीचा उचलतात. एवढा फरक येतो कारण या साखळ्या पाण्यात एकमेकींना बिलगतात, आणि वेगवेगळ्या पद्धती वेगवेगळं काहीतरी मोजतात. डेक्स्ट्रान किंवा पुल्युलान ही दुसरी पॉलिसॅकराइडं प्रमाण (स्टँडर्ड) म्हणून घेऊन काढलेला आकडा हा ‘त्यांच्या मापात’ असतो, ते स्पष्ट लिहा. प्रकाश-विकिरणाचा डिटेक्टर मिळाला तर उत्तम. नाही मिळाला तर साधा काचेचा उबेलोड व्हिस्कोमीटर, २५ अंशांची पाण्याची टाकी आणि एक स्टॉपवॉच आणा. १०० मिलिमध्ये ०.०२ ते ०.१ ग्रॅम अशी पाच द्रावणं करून गाळा, पाण्याच्या तुलनेत वाहण्याचा वेळ मोजा आणि तीव्रतेविरुद्ध हगिन्स नि क्रेमर या दोन्ही रेषा काढा. दोन्ही शून्य तीव्रतेवर एकाच ठिकाणी भेटल्या पाहिजेत. भेटल्या नाहीत तर द्रावणात न विरघळलेलं काही आहे. चांगल्या चिंचोक्याची अंतर्गत व्हिस्कॉसिटी, म्हणजे त्या भेटीच्या जागेचा आकडा, दर ग्रॅमला ६ डेसिलिटरच्या आसपास येते. तुमची २ आली तर कुठेतरी साखळ्या तुटल्या: भाजताना, आंबताना किंवा पेरॉक्साइडमध्ये.

बॅचमधला फरक शोधायलाही मी हाच आकडा वापरतो, ब्रूकफिल्डचा (द्रावणात स्पिंडल फिरवून मोजणाऱ्या व्हिस्कोमीटरचा) नाही. ब्रूकफिल्डला फसायला बऱ्याच वाटा आहेत. पुडीत १२ टक्के ओलावा असेल तर तुमचं एक टक्का द्रावण प्रत्यक्षात ०.८८ टक्के आहे. या पदार्थात तीव्रता दहा टक्क्यांनी उतरली की व्हिस्कॉसिटी पाव ते तिसरा हिस्सा सहज उतरते. शिवाय एका दिवशी २० मिनिटं उकळलं, दुसऱ्या दिवशी नुसतं कोमट पाण्यात ढवळलं, की पूड अर्धवटच फुगते. कोरडं वजन धरून द्रावण करा, ८५-९० अंशांना अर्धा तास ढवळा, उडालेलं पाणी वजनाने भरून काढा, २५ अंशांना आणून मगच मोजा आणि स्पिंडल क्रमांक नि वेग लिहा. हे सगळं पाळूनही फरक राहिला तर तो बियांचा: जुनी, दमट ठेवलेली, कोंब फुटायला लागलेली बी. रुजताना बी स्वतःच हे पॉलिसॅकराइड फोडून खायला लागते.

एक चाचणी घरच्या स्वयंपाकघरातही होते, आणि ती मला फार आवडते. एक टक्का द्रावणात ६० टक्क्यांच्या वर साखर घालून एक उकळी आणा आणि गार होऊ द्या. लिंबू न पिळताही जेली धरते. पेक्टिनला आम्ल लागतं, याला लागत नाही. याच गुणावरून डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेत १९४०च्या दशकात या पदार्थावर काम झालं आणि त्याला ‘जेलोज’ नाव मिळालं. तुमच्या मालाची जेली पाझरली, सुरी लावल्यावर फुटली, तर प्रथिन किंवा तुटलेल्या साखळ्या आहेतच.

तुमच्या वेळापत्रकात सहा महिने आहेत असं धरून क्रम सांगतो. आधीचा तपकिरी माल टाकून देऊ नका, तुलनेला ठेवा. अख्ख्या चिंचोक्यांपासून तीन स्वतंत्र बॅचेस करा, म्हणजे तापवण्यापासून वेगळ्या, एकाच द्रावणाचे तीन भाग नव्हेत. तिन्हींवर ओलावा, राख, केल्डाल, एकूण शर्करा, आयोडीनच्या आठ नळ्या आणि अंतर्गत व्हिस्कॉसिटी. हे सगळं तुमच्याच कॉलेजात होतं. त्यातली सर्वांत चांगली बॅच तेवढी बाहेर पाठवा, शर्करांचं प्रमाण आणि मास किंवा एनएमआर यांपैकी एकासाठी. आणि तिन्ही बॅचेसचे पाच-पाच ग्रॅम, सोबत त्याच चिंचोक्यांची मूठभर अख्खी बी, घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटल्यांत सिलिका जेलची पुडी घालून, तारीख लिहून फ्रिजमध्ये ठेवा. गोळ्यांचं काम चालू असताना चौथ्या-पाचव्या महिन्यात एखादा आकडा बिनसेल, तेव्हा बिघाड गोळीत आहे की पॉलिसॅकराइडमध्ये, हे त्या बाटल्या उघडूनच ठरवता येईल.